सदर भिंत आकाशी करणे

पंपघराच्या मागच्या भिंतीवरचं आभाळ शेवटी नयेनं स्वतःच पुसलं. स्वतः चुना कालवून, परांचीवर चढून, डोळ्यांतून पाणी गाळत. डोळ्यांत चुना गेला होता असं तो सांगतो, आणि त्याला खोटं पाडण्यात आपला काही फायदा नाही.

किंबहुना असं काही झालंच नाही असं धरून चालू. आभाळ पुसलेलं नाही, कारण ते अजून काढलेलंच नाही. भिंत कोरी आहे. नये पन्नाशीकडे झुकलाय आणि आजवर त्यानं आभाळाकडे पाहिलंय ते फक्त कपडे बाहेर वाळत घालावेत की आत, एवढं बायकोला सांगण्यापुरतं.

नये हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. तो नगरपालिकेचा पेंटर. नागरिकांनी जे जे करू नये असं पालिकेला वाटायचं, ते सगळं त्याच्या हातून भिंतींवर गेलं होतं. येथे थुंकू नये. येथे वाहने उभी करू नयेत. तळ्यात पोहू नये. गवतावर चालू नये. एकदा तर एका भिंतीवर त्यानं ‘या भिंतीवर लिहू नये’ असंही लिहिलं होतं, आणि त्यात काही चुकलं असं त्यालाही वाटलं नव्हतं आणि पालिकेलाही नाही. ‘नये’ हा शब्द तो डोळे मिटून लिहायचा. त्यावरची मात्रा अशी उठायची की जणू कुणीतरी कानाखाली वाजवायला हात उचललाय. लोक शब्द वाचायचे नाहीत, पण मात्रेला वचकून असायचे. म्हणून खात्यात सगळे त्याला नये म्हणायचे. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, आणि बऱ्याचदा त्याचा अर्थही तोच असायचा.

अशा माणसाच्या हातात एक दिवस आदेश पडला: ‘सदर भिंत आकाशी करणे.’

सदर भिंत म्हणजे तळ्याकाठच्या पंपघराची मागची बाजू. दार नाही, खिडकी नाही, नुसती उंच आणि लांबच लांब. आत पंप दिवसभर कण्हत असायचे. तळ्यावर फिरायला येणाऱ्यांची तक्रार होती की ही भिंत बघितली की घरी परत जावंसं वाटतं, आणि घरची आठवण झाली की आणखी उदास वाटतं. खात्याच्या इंजिनियरसाहेबांकडे आकाशी रंगाचे डबे पडून होते. त्यांनी सही ठोकली. आकाशी म्हणजे डब्यावर लिहिलेलं असतं ते. दवाखान्याच्या पडद्याचं, पाण्याच्या टाकीचं, मुलांच्या गणवेशाचं. यापलीकडे साहेबांच्या मनात काही नव्हतं. इतर वेळीही फारसं नसायचं.

नयेनं परांचीवर चढून वरच्या कडेला पहिला हात मारला आणि तो थांबला. भिंत जिथं संपत होती तिथून खरं आभाळ सुरू होत होतं. दोन्ही शेजारीशेजारी आली होती, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

“ओळंब्या,” त्यानं खाली हाक मारली, “अरे, हे आकाशी नाहीये.”

ओळंबा म्हणजे खात्याचा गवंडी. भिंत सरळ आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला ते नाव पडलं, कारण याला कशाला तरी टेकल्याशिवाय उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आत्ताही तो शिडीला टेकला होता.

“डब्यावर काय लिहिलंय?”

“आकाशी.”

“मग वरच्याला सांग जुळवून घ्यायला. डबा उघडलाय, आता परत घेणार नाहीत.”

“आदेशात आकाशी लिहिलंय. डब्याप्रमाणे असं लिहिलेलं नाही.”

ओळंबा हसला. पण नये अक्षरांचा माणूस होता. जन्मभर त्यानं दुसऱ्याचं वाक्य कानामात्रेचाही फरक न करता भिंतीवर उतरवलं होतं. आकाशी करणे म्हणजे आकाशासारखं करणे. सोपं होतं. फक्त त्यासाठी एकदा आकाश नीट बघावं लागणार होतं, आणि नेमका तिथंच त्याचा घात झाला.

तो तळ्याच्या काठावर बसून वर बघू लागला. पहिल्यांदा मान दुखली. मग डोळे दुखले. मग त्याच्या लक्षात आलं की आभाळ एका रंगाचं नाहीच. माथ्यावर ते दाट होतं आणि खाली झाडांकडे येताना पातळ होत जायचं, बायको ताकात पाणी घालायची तसं. त्यात निळं होतं, पण राखही होती, मातीही होती आणि कडेला कुठंतरी कुणाच्या तरी जुन्या जखमेचा गुलाबी होता. हे सगळं इतकी वर्षं उघड्यावर पडलेलं होतं, आणि ‘येथे बघू नये’ अशी पाटीही कुणी लावलेली नव्हती.

त्यानं भांडारातून पांढरा मागितला, काळा मागितला, गेरू मागितला. कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, आकाशीला. भांडारवाल्यानं कपाळावर हात मारून दिला.

पहिले ढग फसले. बायको घरी शिवणकाम करायची, उसवलेल्या कपड्यांना टाके घालून द्यायची. त्यानं तिला कागदावर काढून दाखवलं. तिनं दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, “फ्लॉवर छान आलाय.”

“ढग आहे तो.”

“मग शिजवून बघा, कळेल.”

पुढचे ढग फाटलेल्या गादीतल्या कापसासारखे झाले. त्याच्या पुढचे दाढीच्या फेसासारखे. मग एका सकाळी त्याला कळलं की ढग काढायचाच नसतो. त्याच्यामागचा उजेड काढत जायचं, ढग आपोआप मागे उरतो, पाहुणे गेल्यावर खोलीत त्यांचा वास उरतो तसा. हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ऐकलंही नसतं.

या काळात त्याच्या बाकीच्या कामाचे बारा वाजले. बाजारात पाटी लिहिताना तो ‘येथे कचरा टाकू’पर्यंत यायचा, मध्येच वर बघायचा, आणि शिडी उचलून तळ्याकडे चालू लागायचा. लोकांनी पालिकेचा मान राखून तिथं कचरा टाकला. दवाखान्यासमोर ‘येथे वाहने उभी करू’ वाचून लोकांनी इतक्या आज्ञाधारकपणे वाहनं उभी केली की डॉक्टरांना आत जाता येईना. नयेच्या हातून नये निसटला होता. साहेबांनी फैलावर घेतलं. तो मान खाली घालून उभा राहिला, तर फरशीवर खिडकीतून आलेलं उजेडाचं पाणी हलत होतं. तो तेच बघत राहिला.

आभाळ पुरं झालं तेव्हा साहेब पाहणीला आले. गाडीतून उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“पंपघर कुठं गेलं?”

“समोर आहे, साहेब.”

साहेब हात पुढे करून चालत गेले. हात भिंतीला लागला तेव्हा त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग म्हणाले, “मी म्हटलं होतं त्याप्रमाणेच झालंय,” आणि पुढचे काही दिवस साहेबांना आभाळ ठेंगणं झालं, म्हणजे साधारण त्या भिंतीएवढं. पेपरात फोटो आला. फोटोत साहेब आभाळाला टेकून उभे होते. नये परांची काढायला गेला होता.

त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी वाट वाकडी करून तळ्याकडे जायचा आणि नुसता उभा राहायचा. आयुष्यभर त्यानं लोकांना काय करू नये तेच सांगितलं होतं. ही पहिली गोष्ट अशी होती की जी कुणालाच काही सांगत नव्हती. ही आपण केली, आपल्या या हातानं, एवढं मनात आलं की त्याला आपल्याच हाताशी अदबीनं वागावंसं वाटायचं. तो हात खिशात घालायचा नाही. जेवताना चमचा वापरायचा.

अशाच एका सकाळी भिंतीच्या पायथ्याशी त्याला एक पाकोळी सापडली.

गटाराच्या कडेला, पंख अर्धवट उघडे, मान एका बाजूला. त्यानं वर पाहिलं. भिंतीवर, चांगल्या उंचीवर, जिथं त्यानं दोन ढगांमध्ये मोकळी वाट ठेवली होती, नेमक्या तिथं एक बारीक ओलसर ठिपका होता.

आता खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. साहेबांना काय कळतं? पेपरवाल्याला काय कळतं? पाकोळीचा जन्म आभाळात गेलेला. तिला फसवायचं म्हणजे काही खाऊ नव्हे. त्याला मिळालेली ही पहिली खरी दाद होती, आणि दाद देणारी त्याच्या तळहातावर थंड पडत चालली होती. मग त्यानं दुसरा हात तिच्यावर पालथा धरला, ऊब लागेल म्हणून.

त्यानं तिला ब्रश पुसायच्या फडक्यात गुंडाळून घरी नेलं. बायकोनं फडकं उघडलं, मिटलं, आणि काही न विचारता गॅलरीतल्या एका कुंडीत खड्डा केला.

त्यानंतर चिमण्या. मग पारवे, जे मुळात आपल्या अकलेबद्दल प्रसिद्ध नाहीत, पण आपटल्याचा आवाज मोठा करतात. आभाळ जितकं निरभ्र, तितकं भिंतीचं काम जोरात. तो संध्याकाळी घरी आला की बायको शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारायची, “आज कोण?”

“साळुंकी.”

“एकटीच?”

“दोघं.”

गॅलरीतली झाडं मात्र तरारली. ज्या गुलाबाला कधी कळी धरली नव्हती त्याला फुलं झेपेनात. शेजारीण खत कुठलं घालता म्हणून विचारून गेली. बायको म्हणाली, “यांच्या ऑफिसातून येतं.” त्या दिवसापासून तिनं फुलांकडे बघणं सोडलं.

“पुसून टाका ते,” ती एकदा म्हणाली.

“अगं, आयुष्यात एकच काहीतरी धड केलंय मी.”

“मीही आयुष्यात नवरा एकच केला. एकच आहे म्हणून काही ते चांगलं ठरत नाही.”

“तू एकदा येऊन बघ तरी.”

“बघते की. रोज फडक्यात बघते.”

पुसलं तर उरतं काय? थुंकू नये, पोहू नये, चालू नये. आणि न पुसलं तर सकाळी गटाराच्या कडेला कोण पडलंय ते बघायचं. त्याचा जीव असा टांगणीला लागला होता आणि खाली खुर्ची नव्हती.

तळ्यावरच्या लोकांनी पुन्हा तक्रार केली. भिंत आता चांगली आहे, पण तिच्याखालून चालताना डोक्यावर पक्षी पडतात. साहेबांनी बैठक घेतली. आभाळ पुसायला ते तयार नव्हते, कारण पेपरातला फोटो त्यांनी मढवून दिवाणखान्यात लावला होता. विचारविनिमय झाला आणि आदेश निघाला: आभाळावर मध्यभागी, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, ‘पक्ष्यांनी येथे धडकू नये’ असं लिहावं.

“साहेब,” ओळंबा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, “माणसं वाचत नाहीत. पाखरं वाचणार होय?”

“आपली जबाबदारी संपते,” साहेब म्हणाले.

नयेनं तो कागद हातात धरला. असं वाक्य त्यानं झोपेतही लिहिलं असतं. पण आभाळाच्या मधोमध आपली ती मात्रा उठलेली त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि तो म्हणाला, “साहेब, त्यापेक्षा मी घार काढतो. घार दिसली की पाखरं फिरकणार नाहीत.”

साहेबांना पटलं. घारीचा फोटो अजून चांगला येईल असंही त्यांना वाटलं असावं.

घार काढायला पुन्हा तळ्याकाठी बसणं आलं. खरी घार तिथं असायचीच, पलीकडच्या उंच झाडावर. पंख न हलवता ती वाऱ्याला कशी टेकते हे तो दिवसचे दिवस बघत राहिला. ओळंबा म्हणाला, “ही माझ्याच जातीची आहे.” नयेनं ती काढली. छातीवरची पिसं वाऱ्यानं किंचित उलटी झालेली, शेपूट एका अंगाला वळवलेलं, आणि नजर खाली, नेमकी बघणाऱ्यावर. घार झाल्यावर चिमण्या खरोखरच फिरकेनाशा झाल्या. दोन-चार सकाळी गटार रिकामं मिळालं. नये शीळ घालत घरी आला. बायकोनं “आज कोण?” विचारलं नाही, तर त्याला चुकल्यासारखं वाटलं.

मग पलीकडच्या झाडावरच्या घारीनं ही नवी घार पाहिली. आपल्या तळ्यावर, आपल्या आभाळात, वर आपल्याच थाटात. तिनं आधी ओरडून सांगून पाहिलं. नवी घार हलली नाही. भर दुपारी, फिरायला आलेल्या लोकांच्या देखत, तिनं उंचावरून पंख मिटले आणि ती भांडण मिटवायला आली.

तो आवाज पंपांच्या आवाजावरून ऐकू गेला. नयेनं तिला उचललं तेव्हा ती फडक्यात मावेना. त्यानं आपला शर्ट काढला. संध्याकाळी बायकोनं शर्ट उघडून पाहिला आणि म्हणाली, “हिला पुरेल एवढी कुंडी नाही आपल्याकडे.” मग शर्ट पुन्हा मिटून, “उद्या मला घेऊन चला. बघू तरी द्या, कशासाठी चाललंय हे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ नव्हतं. म्हणजे खरं. ढग इतके खाली उतरले होते की झाडांचे शेंडे दिसत नव्हते. तळं, काठ, रस्ता, सगळं एकाच राखेत कालवून ठेवल्यासारखं. नये आणि बायको तळ्याला वळसा घालून आले, आणि वळणावर ती थांबली.

त्या सगळ्या राखेत निळा तुकडा एकच होता. धुतलेला, उघडा, खोल. खाली पातळ आणि वर दाट. दोन ढगांमधून वाट आत गेलेली, आणि आतून कुठूनतरी सकाळ येत होती.

तिनं डोक्यावरची छत्री मिटली. खरं तर भुरभुर चालूच होती. तिथं उभं राहून छत्री धरणं तिला वेड्यासारखं वाटलं असावं.

“अहो,” ती म्हणाली, “सुंदर आहे हो.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं त्याच्या कुठल्याही गोष्टीला सुंदर म्हटलं नव्हतं. तो तिच्याकडे वळला, तेवढ्यात मागच्या लव्हाळ्यांतून थवा उठला.

कुठूनतरी दुरून आलेली बारकी पाखरं होती. रात्री उतरली असतील, आणि आता निघायचं होतं, पण जायला वाट दिसत नव्हती. थवा तळ्यावर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मग त्यांना ती दिसली. वाट सापडली की माणसं कशी घाईघाईनं वळतात, जरा हसून, एकमेकांना पुढे ढकलत, तशी ती सगळी एकदम वळली. घार होती तिथंच, पण एवढ्या जणांना एका घारीचं काय?

“नका,” नये म्हणाला. मग ओरडला, “नका! अरे, येऊ नका!” हात वर करून तो भिंतीकडे धावत सुटला. भिंतीवर आपण काय लिहायला नको म्हटलं होतं ते त्याला त्या क्षणी आठवलं असेल की नाही, सांगता येत नाही. पाखरं त्याच्या डोक्यावरून गेली. पंखांचा वारा त्याला लागला.

गारा पडल्यासारखा आवाज झाला. मग तो थांबला आणि पुन्हा पंपांचं कण्हणं ऐकू येऊ लागलं.

बायकोनं छत्री उघडून उलटी धरली आणि ती वाकून एकेक उचलू लागली. काही अजून गरम होती. एक तिच्या बोटाला चोच लावून थोडा वेळ जगलं. छत्री भरली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “चांगलं काढलंय तुम्ही. हेच वाईट आहे.”

त्यानं चुना कुणाकडे मागितला नाही. भांडारातून उचलला, दुपारीच परांची बांधली आणि वरपासून खालपर्यंत सगळं पांढरं करून टाकलं. हे आपण आधी झालंच नाही असं धरलं होतं, पण आता इथवर आल्यावर ते जमण्यासारखं नाही.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. चुना वाळला, आणि सकाळी ओळंबा धावत घरी आला. धावत म्हणजे कशालाही न टेकता.

“चल जरा. तुझी भिंत बघ.”

भिंत पांढरी होती. पण नयेच्या हातानं, त्याला न विचारता, चुना कुठं दाट बसवला होता, कुठं विरळ. खाली ओलसर, वर किंचित उजळ. तळ्यावर धुकं उतरतं आणि ऊन त्याला मागून हात लावतं, ती वेळ होती ती. पायथ्याशी एक बगळा पडला होता. त्याचा पांढरा आणि भिंतीचा पांढरा यांत फरक काढता येत नव्हता.

“पांढरा दिला होतास ना फक्त?” ओळंब्यानं विचारलं.

“फक्त पांढराच.”

साहेबांनी करडा द्यायला लावला. करडा संध्याकाळ झाला. भर दुपारी कावळे घरी जायची वेळ झाली समजून भिंतीशी गोळा झाले आणि बसायला फांदी शोधत एकेक करून खाली आले. साहेबांनी नयेच्या हातातला ब्रश काढून घेतला. शेवटी ओळंब्यानं खडबडीत सिमेंट फेकून भिंत झाकली, आणि ती पुन्हा नुसती भिंत झाली. पाखरं येईनात. माणसंही येईनात.

“मला शिकव,” नये त्याला म्हणाला.

“काय?”

“भिंत.”

ओळंब्यानं थापी त्याच्या हातात दिली आणि मनापासून दाखवलं. पण नयेच्या हाताला आता भिंत येईना. तो हात कुठंही ठेवला की मागे उजेड उघडायचा. पाट्यांचं काम परत दिलं, तर ‘नये’वरची मात्रा पंख पसरून अक्षर सोडायला निघालेली दिसायची. लोक तिच्याकडे प्रेमानं बघायचे आणि तिच्याखाली निवांत थुंकायचे. घरी तो गॅलरीकडे पाठ करून बसायचा. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आतून त्याला रंग दिसायचे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मध्ये एक मोकळी वाट.

साहेबांनी बोलावलं. ते आज नरम होते.

“तुला काम काय द्यायचं मला कळत नाही. तुला नेमकं काय पाहिजे ते लेखी दे. मी वर पाठवतो.”

“वर म्हणजे?”

“वर म्हणजे वर,” साहेब म्हणाले आणि त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

त्यानं घरी येऊन बायकोला विचारलं. ती रिकाम्या कुंड्या धूत होती. “लिहा,” ती म्हणाली. “काय पाहिजे ते खरं लिहा. दुसरं तुम्हाला लिहायला येतंय काय आता?”

तेव्हा त्यानं लिहिलं. अक्षर थोडं हवेत तरंगत होतं, पण वाचता येत होतं.

‘मा. वरिष्ठ यांचे सेवेशी,

विषय: पूर्वीची नजर परत मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार पेंटर, सविनय अर्ज करतो की, मा. साहेबांच्या आदेशान्वये सदर भिंत आकाशी करीत असताना माझी पूर्वीची नजर गहाळ झाली. ती साधी होती. तिच्याने रंग एकच दिसत असे व भिंत भिंतीसारखी दिसत असे. ती भांडारात किंवा अन्यत्र जमा असल्यास, आहे त्या स्थितीत परत मिळावी. नवी दिलेली नजर मी कधीही जमा करण्यास तयार आहे.

ते नियमात बसत नसल्यास, दुसरी विनंती अशी की, ढगाळ असलेल्या त्या एका सकाळपुरते सदर भिंतीस आभाळ म्हणून कार्योत्तर मंजुरी मिळावी. भिंत तेवढा वेळ खरोखर उघडी होती असे कागदोपत्री झाल्यास, तो थवा त्यातून पलीकडे निघून गेला अशी नोंद घेणे शक्य होईल. त्याप्रमाणे संबंधित पाखरांना पुढील प्रवासास परवानगी देण्यात यावी व तसे त्यांना त्वरित कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.’